सोलकढीची पिळवणूक

घरी माशाचं जेवण ठरलं की कामाची वाटणी मोठ्या चतुराईने होते. सुरमई तळणाऱ्याभोवती गर्दी जमते, तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याचं कौतुक तव्यावरच सुरू होतं आणि मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "तू काय, फक्त सोलकढी कर." या 'फक्त'मध्ये एक नारळ, एक खवणी, दोन मनगटं आणि एक पंचा मावतो.

सुरुवात सोलांपासून, म्हणजे वाळवलेल्या कोकमांपासून करावी, कारण त्यांना घाई चालत नाही. एका नारळाला बारा ते पंधरा सोलं, वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास. आधी ती नुसत्या पाण्यातून एकदा काढायची, कारण मिठाचे खडे आणि अंगणातली वाळू सोलांबरोबरच डब्यात आलेली असते. बिचारी सोलं तरी काय करणार? रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, फोडायचे, साली बाजूला काढायच्या, त्यांच्यावर त्यांच्याच रसाची पुटं द्यायची आणि दर वेळी उन्हात घालायच्या, तेही ऐन मे महिन्यात, वळवाच्या ढगाकडे डोळे लावून. कोकमाला २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. पिळणाऱ्याच्या मनगटाला अजून कसलंही मानांकन नाही.

ज्यांना अर्धा तास जड वाटतो ते आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली काढतात. माझी हरकत नाही. तीन-चार मोठे चमचे पुरतात. पण आगळ टिकतं ते मिठावर, हे विसरून लोक कढीत सवयीने मीठ घालतात आणि मग ती समुद्राच्या पाण्याशी स्पर्धा करते. आगळ घातलं असेल तर मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. फडताळात आगळाच्या शेजारी बहुधा अमृत कोकमाची बाटली असते, रंग सारखाच, पण त्यात साखरेचा पाक. लसणीची गोड कढी एकदा जिभेवर आली की माणूस बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागतो.

आता नारळ. कानाशी धरून हलवायचा. पाणी वाजलं पाहिजे. न वाजणारा एक तर कोवळा, त्याला दूध नाही, किंवा आटलेला, त्याला खवट वास. खवट नारळाची कढी लसूण, मिरची, कोथिंबीर कुणाचंच ऐकत नाही, तेव्हा फोडल्याबरोबर वास घ्यावा आणि शंका आली तर दुसरा फोडावा. खवताना करवंटीजवळचा तपकिरी पापुद्रा दिसला की हात थांबवायचा. तो चवात, म्हणजे खवलेल्या खोबऱ्यात, आला तर कढीचा रंग मळका होतो, आणि मग सगळे सोलांना दोष देतात.

चव, तीन-चार लसणीच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची, चिमूटभर जिरं आणि दीड वाटी पाणी मिक्सरमध्ये घालायचं. आलं घालणारी घरं आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त तिथे एकच ग्लास पितो. पाणी कोमटच हवं, बोट सुखाने बुडेल इतपत. नारळाचं तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. गार पाणी घातलंत तर नारळाचा सगळा स्निग्धांश चोथ्यातच बसून राहतो आणि हाती येतं ते पांढरट पाणी. उकळतं घातलंत तर मिक्सरचं झाकण छताकडे निघतं आणि पिळणाऱ्याचे तळवे भाजतात ते वेगळेच.

मग पंचा. तो जुना, मऊ आणि साध्या पाण्यातून काढलेला असावा, नाहीतर कढीला धुण्याच्या पावडरीचा सुवास येतो. गाळणीवर भागवणाऱ्यांच्या कढीत बारीक कीस राहतो आणि पाहुणा घोटाघोटाला खाकरतो. पंच्यात वाटण ओतायचं, चारही टोकं एकत्र धरायची आणि पीळ द्यायचा. पहिल्या पिळाला दूध धारेने येतं आणि आपण फार बलवान आहोत असं वाटतं. तिसऱ्या पिळाला ते थेंबाथेंबाने येतं आणि मनगटावरून कोपरापर्यंत जाऊन तिथे ठिबकतं. अशा वेळी हमखास नाक खाजतं. चोथा मिक्सरमध्ये परत, एक वाटी कोमट पाणी, पुन्हा पीळ. हे दुसरं दूध. तिसरं दूध काढणारे लोक कंजूष नसतात, आशावादी असतात.

भिजलेली सोलं त्याच पाण्यात बोटांनी कुस्करून तेही पाणी त्याच पंच्यातून गाळायचं. ते पूर्ण गार झालेलं असलं पाहिजे. ऊब आणि आंबटपणा एकत्र आले की नारळाच्या दुधातली प्रथिनं आकसतात आणि दुधाचे कण होतात. म्हणूनच सोलकढी गॅसवर चढवायची नसते. 'जरा कोमट करू' म्हणणाऱ्या प्रेमळ माणसाला आधी स्वयंपाकघराबाहेर काढावं. फाटलेली कढी पुन्हा जुळत नाही.

दुधात सोलांचं पाणी थोडंथोडं ओतत ढवळायचं. पहिला पळा पडतो तेव्हा पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, ती फिरते, विरते आणि भांडं फिकट गुलाबी होतं. तिथेच थांबायचं, कारण पुढचे दोन पळे आंबटपणाचे असतात आणि ते परत काढता येत नाहीत. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं. तांब्या-पितळेला आणि अ‍ॅल्युमिनियमला सोलांचा आंबटपणा लागतो. आणि रंगाचं म्हणाल तर खरी कढी फिकटच असते. सोलं जुनी असतील तर थोडी तपकिरीही दिसते. काही खाणावळींत ती लग्नाच्या पत्रिकेसारखी गुलाबी असते, ती बिटाची करामत. ती पिऊन आलेले पाहुणे आपल्या घरी ग्लास उजेडात धरून विचारतात, "सोलं कमी पडली का हो?"

अर्ध्या तासात कढीवर जाड साय येते आणि खाली पाणी राहतं. नवखा माणूस हे पाहून भांडं मोरीकडे नेतो. नेऊ नये. ही फाटलेली नाही, नुसती वेगळी झालेली आहे. डावाने ढवळली की एक होते. फ्रिजमध्ये ठेवली तर हीच साय थिजून वरती पापडी धरते, म्हणून वाढण्याआधी थोडा वेळ बाहेर काढावी. बर्फ घालणाऱ्यांना काय सांगावं? दोन मनगटांनी घट्ट केलेलं ते चार खड्यांनी पातळ करतात. त्यापेक्षा भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवावं. कोकणातल्या उकाड्यात नारळाचं दूध दुपारपर्यंत तग धरतं, संध्याकाळी त्याचा भरवसा नाही.

नारळ नसेल तर फुटी कढी करा: सोलांचं पाणी, मीठ, मिरची, कोथिंबीर. यात पिळणं नाही, म्हणून मला ती फार थोर वाटते. पण फुटलेली सोलकढी 'फुटी कढी' म्हणून खपवू नये, वासावरून ओळखतात.

एका नारळाचे चार-पाच ग्लास होतात. सुरमईची चर्चा पानावर संपते, कढी भातावर पडते, मग वाटीत आणि वाटीतून थेट तोंडाला. "बरी झाली हा," असं म्हणून भांड्यात डाव फिरवला जातो. तो तळाला लागल्यावर माझ्याकडे बघून विचारतात, "अजून एक नारळ आहे ना रे?"

मी मोरीवर असतो. पंच्यावरचे गुलाबी डाग साबण लागताच निळसर पडतात आणि चोळले तरी तसेच राहतात.