फिडल लीफ माजघरात नको

"फिडल लीफ अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, रोज दोन बर्फाचे खडे घाला, पानं खोबरेल तेलानं पुसा. रात्रभर ऑक्सिजन देतं, घरची हवा शुद्ध करतं. जागा सारखी बदलू नका." फिडल लीफ म्हणजे हल्ली घरात कुंडीत ठेवतात ते मोठ्या पानांचं शोभेचं झाड. टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतच्या गोतावळ्यातून हा मेसेज मला तीनदा आला. चौथ्यांदा अनगोळच्या मावशीनं पाठवला, तेव्हा लिहायला बसलो.

आधी अंधारा कोपरा, कारण खरं नुकसान तिथेच होतं. हे झाड पश्चिम आफ्रिकेतल्या दमट जंगलाचं, आणि वड, पिंपळ, उंबर यांच्या भाऊबंदांपैकी. पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. (मांजर-कुत्र्यानं चावला तर तोंड पोळतं; हे मेसेजात नाही.) रानात ते बारा-पंधरा मीटर वाढतं. पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं आणि मुळं खाली सोडतं, आपल्याकडे जुन्या भिंतीत पिंपळ रुजतो तसं. वड कुणी माजघरात लावतं काय? कौलारू घराच्या मधल्या खोलीत, जिथे दुपारीही दिवा लागतो, तिथे ते लगेच मरत नाही. वाढ थांबते, मग खालून एकेक पान गळतं. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. खिडकी पश्चिमेची असेल तर मार्च-एप्रिलच्या दुपारी पडदा ओढा, पानं करपतात.

दोन खड्यांचं पाणी अर्धी वाटीही होत नाही. उन्हाळ्यात ते वरच्या मातीतच जिरतं आणि मुळं कोरडी राहतात. उलट बेळगावच्या पावसाळ्यात कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे कुंडी काय वाळणार? माझं पहिलं झाड चकचकीत, बिनभोकाच्या कुंडीत आलं होतं. जुलैत पानांवर काळपट डाग पडले. पाणी कमी पडतंय समजून मी आणखी घातलं. शेवटी उपटलं तर मुळं काळी, वास कुजका. तेव्हापासून बोट दोन पेरं मातीत खुपसून बघतो. कोरडं लागलं तरच पाणी, पण मग खालून निथळेपर्यंत. ताटलीत साचलेलं ओतून देतो. परड्यातली काळी माती नुसती भरू नका, पाणी धरून बसते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि भरड वाळू मिसळा.

तेलावर धूळ चिकटते. पानाखाली हात धरून ओल्या फडक्यानं पुसा, झालं.

रात्रीच्या ऑक्सिजनचं काय? उजेड नसेल तर झाड ऑक्सिजन बनवत नाही. रात्री तेही आपल्यासारखं थोडा घेतंच. हवा शुद्ध होण्याची गोष्ट नासाच्या १९८९ च्या प्रयोगांवरून पसरली. ते प्रयोग बंद पेट्यांतले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला. घरात हवेची जी साधी ये-जा असते, तिच्या तोडीला यायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यात निघालं. दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी ११० कुंड्या. मग खाट कुठे टाकायची?

जागा बदलू नका, हे तेवढं बरोबर आहे. मावशीनं तेच नेमकं पाळलं नाही. गणपतीत मखराला जागा हवी म्हणून कुंडी खिडकीतून माजघरात सरकवली, आणि सात पानं गळाली. आता ती परत खिडकीत आहे, शेंड्याला नवा कोंबही आलाय. गळालेल्या जागी मात्र सहसा पान फुटत नाही. खोड तेवढं उघडंच राहणार.