पोरगं शिकलंय, आता कागद मागू देऊ नका

पोराला बी.एस्सी. केलंत, चांगलं केलंत. आता त्याला घरी बसवा. घरी बसणं हा पदवीधराचा हक्क आहे. २०२२-२३ च्या सरकारी श्रमबल पाहणीत देशातली बेरोजगारी ३.२ टक्के निघाली, पदवीधरांतली १३.४ टक्के. अंगठेबहाद्दरांत बेरोजगार शोधूनही सापडत नाहीत. सापडतील कसे? त्यांना परवडत नाही. सकाळी नाक्यावर उभं राहिलं नाही, तर रात्री चूल पेटत नाही. तुमच्या पोराला मात्र तुमच्या जिवावर चार वर्षं अभ्यासिकेत बसता येतं. शिक्षणाचा हा पहिला परतावा, फक्त तो तुम्ही द्यायचा.

तो कंटाळला की जळगावच्या एमआयडीसीत पाठवा. चटई, पाइप, डाळ, जे मिळेल ते. जाताना गुणपत्रिका, टीसी, डोमिसाईल, जात वैधता, सगळी फाईल नेऊ द्या; ठेकेदाराला चाळायला आवडतं. तिकडून मात्र एकही कागद मागायचा नाही. नियुक्तिपत्राचं नाव काढलं की पोरगा डोक्यापेक्षा जास्त शिकलाय, असा समज होतो. शेतीबाहेरच्या पगारी नोकरदारांत निम्म्याहून अधिक जणांकडे लेखी करार नाही, असं तीच पाहणी सांगते. मग तुमचंच पोरगं काय सोन्याचं लागून गेलं? (जळगावचं असलं तरी.) भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० कामगारांपासून लागू होतो, हे त्यानं कुठं वाचलं असेल तर विसरायला सांगा. हजेरीपटावर त्याला १९ च्या पुढं मोजता येऊ नये, एवढीच अपेक्षा असते.

प्राध्यापक करायचं म्हणता? करा की. एम.ए., नेट, जमलं तर पीएच.डी. एवढं झालं की त्याला तासिका तत्त्वावर घेतील. तास घेतला तर पैसे, सुट्टी बिनपगारी, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. रावेर-यावलकडं केळीची गाडी भरणाऱ्या टोळीचंही तत्त्व हेच, जेवढा माल तेवढे पैसे. पण टोळी आपले पैसे वसूल करूनच घरी जाते; सरांचं बिल महिनोन्‌महिने मंजुरीत फिरतं. आणि सर वर्गात शिकवणार काय? ‘असंघटित क्षेत्रातील कामगारांच्या समस्या’. उदाहरणासाठी फळ्यापासून लांब जावं लागत नाही.

कागद हवाच असेल तर पुण्याला धाडा. तोच पोरगा, तीच पदवी, पण तिकडं पगारातून पीएफ कापला जायची शक्यता बरीच वाढते. तिकडं मोठे कारखाने आहेत. आपल्याकडं मोठं आहे ते भुसावळ जंक्शन, म्हणजे जायची सोय. शिकलेले असे निघून गेले की कारखानदार म्हणतो, खान्देशात कुशल माणूस मिळत नाही, आणि तोही पुण्याकडंच जागा बघतो. कोणाचंच चुकत नाही. बारावीलाच थांबलेल्यांसाठी सुरत आहेच. उधना-लिंबायतला अहिराणीवर भागतं.

नंदुरबारच्या पाड्यांवर हा गोंधळच नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. पावसाळा सरला की मुकादम येतो, उचल देतो, आणि कुटुंबं गुजरातच्या उसाच्या फडात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरांची नावं पटावर राहतात, पोरं फडात. पण एक मान्य करा, मुकादमाच्या वहीत नाव असतं, उचलीचा आकडा असतो आणि शेजारी अंगठा असतो. नोंद चोख. तुमच्या पदवीधराच्या नावानं तेवढंही कुठं लिहिलेलं नाही.

सोयरीक घेऊन कोणी आलं आणि ‘पोऱ्या काय करस?’ असं विचारलं, तर ‘कंपनीमा शे’ म्हणून मोकळं व्हायचं. घाबरू नका, पाहुणे खोलात शिरत नाहीत. त्यांचाही पोरगा कंपनीतच असतो.