खुलासा: कार्बन फ्रेम उन्हाने तडकत नाही

‘नागपूरच्या उन्हात ई-माउंटन बाइकची कार्बन फ्रेम तडकते, कंपनी वॉरंटीत बदलून देते’ हा फिरणारा मेसेज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. पारा 45 च्या वर गेला तरी फ्रेममधलं इपॉक्सी (कार्बनचे धागे एकत्र धरून ठेवणारी राळ) सहसा 100 अंशांच्या आत मऊ पडत नाही. ऊन बाधतं ते बॅटरीला. तडे जातात दगडाच्या माराने, कारच्या रॅकचा क्लॅम्प टॉप ट्यूबवर (फ्रेमची वरची आडवी नळी) आवळल्याने किंवा सीटचा दांडा धरणारा क्लॅम्प अंदाजाने पिळल्याने (पिळायला बहुधा 5 न्यूटन-मीटर एवढाच जोर पुरतो). वॉरंटी असते उत्पादनदोषाची, तीही बहुतेकदा पहिल्याच मालकाला. मोटरची वेगमर्यादा काढली असेल तर दावा जवळपास बुडालाच! तडा दिसला की रंग घासू नका. आधी फोटो, फ्रेम नंबर, बिल. नाण्याने टकटक केल्यावर बद्द आवाज आला तर गाडी बाजूला ठेवा. खणखणीत आला म्हणून मात्र फ्रेम शाबूत आहे असं नाही.