वैशिष्ट्यबिंदू पाठवले म्हणजे भार हलका होतोच असे नाही

बिनतारी कॅमेरा-संवेदकांनी संपूर्ण छायाचित्राऐवजी केवळ वैशिष्ट्यबिंदू (चित्रातील कोपऱ्यांसारख्या सहज ओळखता येणाऱ्या ठळक जागा) मध्यवर्ती केंद्राकडे पाठवले की बँडविड्थचा प्रश्न मिटतो, हे या विषयावरील एका लेखातील विधान मला पटले नाही. असे बिंदू शोधून त्यांचे वर्णन करणाऱ्या, डेव्हिड लोव यांच्या सिफ्ट पद्धतीत प्रत्येक बिंदूचे वर्णन १२८ आकड्यांनी होते. आकड्यामागे एक बाइट धरला तरी ५०० बिंदूंचे ६४,००० बाइट होतात, आणि ६४० × ४८० आकाराचे जेपीईजी चित्र अनेकदा याहून कमी जागेत मावते. संवेदकांत वापरल्या जाणाऱ्या झिगबीसारख्या कमी ऊर्जेच्या रेडिओचा कमाल वेग सेकंदाला २५० किलोबिट असल्याने एवढ्या मजकुरालाच दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ रेडिओ बॅटरी खात राहतो. आमच्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बाकावरची पिशवी ओळखण्याचा प्रयोग आम्ही केला, तेव्हा बहुतेक बिंदू पिशवीवर नव्हे, तर तिच्यामागच्या खिडकीच्या लोखंडी जाळीवर सापडत होते; म्हणजे पाठवलेला बराचसा मजकूर वस्तूविषयीचा नव्हताच.

खरी बचत कुठे होते, हे लेखात यायलाच हवे होते. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी सिट्रिक या कॅमेरा-संवेदकाच्या आधारे मांडलेल्या पद्धतीत बिंदूंची 'दृश्य-शब्दां'त, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या बिंदूंच्या ठरावीक गटांत, वर्गवारी करून हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या गटात किती बिंदू आले याचा तक्ता, तयार होतो. त्यातील बहुतांश रकाने शून्य असल्यामुळे यादृच्छिक प्रक्षेपणाने, म्हणजे त्यातील आकड्यांच्या यादृच्छिक भारांनी केलेल्या मोजक्याच बेरजा पाठवून, तो पुष्कळ आक्रसता येतो. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की एकच वस्तू पाहणाऱ्या कॅमेऱ्यांना आपापसांत एक अक्षरही बोलावे लागत नाही. त्यांच्या दृश्यांतील साम्याचा लाभ केंद्रच आक्रसलेल्या हिस्टोग्रामांचा उलगडा करताना घेते.