एर्नेस्टो होस्टचे चौथे विजेतेपद आयते नव्हते

किकबॉक्सिंग शिकणाऱ्या मुलांमध्ये हेवीवेट लढवय्यांचा विषय निघाला की नेदरलँड्सच्या एर्नेस्टो होस्टचे नाव आदराने घेतले जाते, आणि त्याच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येते: ‘चारपैकी एक विजेतेपद मात्र त्याला आयते मिळाले.’ गेली कित्येक वर्षे मी हे ऐकत आलो आहे आणि दर वेळी ते माझ्या मनाला लागते. या माणसाच्या लढती पाहून मी जे थोडेबहुत शिकलो, त्याचे ऋण म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

वाद आहे तो के-वन वर्ल्ड ग्रां प्री या जपानमधील किकबॉक्सिंग स्पर्धेच्या २००२ च्या विजेतेपदाबद्दल. ही स्पर्धा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो की तिच्या अंतिम टप्प्यात आठ लढवय्ये एकाच रात्री उतरत, आणि विजेता व्हायचे असेल तर उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तीन लढती काही तासांच्या आत जिंकाव्या लागत. पहिल्या लढतीत जिंकलेला माणूस जखमेमुळे पुढे उभा राहू शकला नाही, तर त्याच्याकडून हरलेला परत येई. हा नियम सर्वांना ठाऊक होता आणि सर्वांना सारखाच लागू होता.

त्या वर्षी ५ ऑक्टोबरला सैतामा येथे पात्रता लढतीत होस्टची गाठ बॉब सॅपशी पडली. सॅप हा अमेरिकन फुटबॉलमधून आलेला, दीडशे किलोंहून अधिक वजनाचा माणूस, तर होस्ट शंभर किलोंच्या थोडा वर. सॅपने त्याला पहिल्याच फेरीत कोपऱ्यात दाबून असे बदडले की जखम पाहून डॉक्टरांनी लढत थांबवली. होस्ट स्पर्धेबाहेर गेला. पुढे अंतिम आठांतला सेमी शिल्ट जखमी झाल्याने त्याच्या जागी होस्टला बोलावले गेले आणि ७ डिसेंबरला टोकियो डोममध्ये, सुमारे ७४,५०० प्रेक्षकांसमोर, पहिलीच लढत पुन्हा सॅपशी लागली. पहिल्या फेरीत होस्टने पोटावर ठोसा मारून सॅपला खाली बसवले, परंतु दुसऱ्या फेरीत सॅपच्या ठोशांचा वर्षाव थांबेना आणि पंचांनी लढत थांबवली. होस्ट पुन्हा हरला. मात्र त्या झुंजीत सॅपच्या हाताचे हाड मोडले होते. तो पुढे येऊ शकला नाही, आणि होस्ट उपांत्य फेरीत गेला.

इथपर्यंतची गोष्ट सांगून लोक थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे. सॅपने त्याला दोनदा निर्विवाद हरवले, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मोडलेला हात हा काही आकाशातून पडलेला अपघात नव्हे. समोरच्या माणसाला इतक्या जोराने आणि इतक्या वेळा मारताना आपली मूठ शाबूत ठेवणे हादेखील या खेळातील कसबाचाच भाग आहे, आणि एका रात्रीत तीन लढतींची अट मुळात हेच तपासण्यासाठी होती. शिवाय आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, होस्टने उपांत्यपूर्व फेरीत स्टेफान लेकोला हरवले होते, परंतु जखमेमुळे तो पुढे उभा राहू शकला नाही आणि त्याच नियमाने त्याच्या जागी लेको गेला. तेव्हा होस्टवर अन्याय झाला असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आता पुढच्या लढती पाहा. उपांत्य फेरीत न्यूझीलंडचा रे सेफो पायाच्या दुखापतीमुळे पहिल्याच फेरीत थांबला. अंतिम लढतीत समोर होता फ्रान्सचा जेरोम ले बॅनर. ले बॅनर डावखुरा, आणि त्याचा डाव्या हाताचा ठोसा म्हणजे लढतीचा शेवट. होस्ट तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि त्याच रात्री सॅपचा मार खाऊन आलेला होता. त्याने उजव्या पायाची किक ले बॅनरच्या बरगड्यांच्या उंचीवर मारायला सुरुवात केली. डावखुऱ्या माणसाला ती अडवायची तर डावा हातच आडवा धरावा लागतो. एक किक, दुसरी किक, पुन्हा त्याच जागी, तोच हात. तिसऱ्या फेरीत तो हात मोडला. ज्या हाताची सगळ्यांना धास्ती होती तोच हात होस्टने मोजून निकामी केला, आणि हे सारे त्याने थकलेल्या, सुजलेल्या अंगाने केले. ज्याला हे आयते वाटते त्याने ती लढत डोळे उघडे ठेवून पुन्हा पाहावी, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

होस्टला ‘मिस्टर परफेक्ट’ का म्हणत, हे मला पुस्तकी वर्णनांतून कधी समजले नाही. ते मला माझ्या मांडीने समजावले. विशीत असताना मी ठाण्यात एका वर्गाला जात असे. एके दिवशी सरांनी मला समोर उभे करून डाव्या हाताचा हूक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, माझ्या कानाजवळ हलकेच आणला. मी स्वाभाविकपणे दोन्ही हात वर घेतले, अंगाचा भार पुढच्या पायावर गेला, आणि त्याच क्षणी त्यांची नडगी माझ्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या थोडी वर बसली. जोर फार नव्हता, तरीही पुढचे दोन दिवस मी जिना कठडा धरून उतरत होतो. वर पाहणारा माणूस खाली मारला जातो, आणि भार पडलेला पाय उचलून नडगीने अडवता येत नाही, एवढीच त्यातली युक्ती. अ‍ॅमस्टरडॅमच्या वोस जिममध्ये योहान वोस यांच्या हाताखाली तयार झालेल्या होस्टने हीच युक्ती इतकी घोटली की त्याच्या ठोशांच्या प्रत्येक मालिकेचा शेवट मांडीवर होई. कुस्तीत एखादा मल्ल एकच डाव आयुष्यभर घोटतो आणि समोरच्याला तो येणार हे माहीत असूनही चुकवता येत नाही, तसे हे होते. दोन-तीन फेऱ्यांनंतर समोरच्याला पुढचा पाय टेकवणेही जड जाई आणि त्याच्या ठोशांतली ताकद पायांबरोबरच ओसरे.

असा माणूस एका रात्रीच्या दैवावर मोठा झालेला नसतो. ३० एप्रिल १९९३ रोजी योयोगीच्या क्रीडागृहात पहिली ग्रां प्री झाली तेव्हा त्याने पीटर आर्ट्सला गुणांवर आणि मॉरिस स्मिथला डाव्या हाय किकने हरवले, आणि अंतिम लढतीत तो ब्रांको सिकाटिचच्या ठोशाने कोसळला. १९९६ मध्ये अँडी हुगने त्याला उपांत्य फेरीत जादा फेऱ्यांपर्यंत झुंजवून हरवले; पुढच्याच वर्षी त्याच हुगला अंतिम लढतीत हरवून होस्ट प्रथम विजेता झाला. १९९९ मध्ये मिर्को क्रो कॉपला आणि २००० मध्ये सेफोला अंतिम लढतीत हरवून तो पुन्हा विजेता झाला. पहिल्या अंतिम लढतीपासून पहिल्या विजेतेपदापर्यंत चार वर्षे गेली, आणि त्या काळात तो प्रत्येक पराभवानंतर परत आला. मला त्याच्या जिंकण्याइतकेच हे परत येणे मोठे वाटते. २००२ ची रात्र त्याच सवयीतून आलेली होती.

२००६ च्या मे महिन्यात अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर निरोपाची लढत ठरली होती आणि प्रतिस्पर्धी होता बॉब सॅप. ऐन वेळी सॅप न लढताच निघून गेला. चाळिशीतल्या होस्टला तिथे थांबता आले असते. कोणीही त्याला दोष दिला नसता. त्याने सात फूट उंचीच्या, त्या वेळी जगज्जेत्या असलेल्या सेमी शिल्टशी लढण्यास होकार दिला आणि तो गुणांवर हरला. त्याच वर्षी २ डिसेंबरला तो पुन्हा टोकियो डोममध्ये उतरला, उपांत्यपूर्व लढत जिंकला, आणि उपांत्य फेरीत पुन्हा शिल्टसमोर उभा राहून शेवटच्या घंटेपर्यंत लढला.