दोन ऑक्टोबरचा चौकोन

आमच्या सोसायटीचं स्वतःचं कॅलेंडर असतं. वर गणपती, खाली वाणी, डेंटिस्ट आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती, मध्ये उरलेल्या जागेत तारखा. २०२५ चं काढायचं ठरलं त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो, आणि उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, त्यामुळे माझ्या गळ्यात दिनविशेष पडले. "सोप्पंय हो, गुगल करायचं आणि टाकायचं," इति सेक्रेटरी. प्रिंटरवाल्याने मात्र आधीच बजावलं, एका चौकोनात दोन ओळी, तिसरी घातलीत तर तारीखच दिसणार नाही.

सुरुवात बरी झाली. ३ जानेवारी सावित्रीबाई, ६ला पत्रकार दिन, १२ला जिजाऊ आणि विवेकानंद, एकेक ओळ, भांडण नाही. १४ला संक्रांत टाकली तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो चुकलात, यंदा १५ला होती की!" मग त्यांना सांगत बसलो की सूर्य मकरेत जायची वेळ दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे सरकते आणि लीप वर्ष तिला परत मागे ओढतं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण हळदीकुंकू कधी?"

फेब्रुवारीत बी विंगचे नाना आले. मी १९ला शिवजयंती टाकून मोकळा झालो होतो, सरकारी सुट्टी आहे, विषय संपला. नाना म्हणाले तिथीने टाका, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १७ मार्च. म्हटलं दोन्ही टाकतो. तर नाना खुर्ची ओढून बसले. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, इंग्रजांनी १७५२ साली कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उगवला, मधले अकरा दिवस गायबच, १६३० साली हा फरक दहा दिवसांचा होता, त्यामुळे आत्ताच्या कॅलेंडरने मोजलं तर १ मार्च येतो! शिवाय पूर्वी काही जण वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ धरायचे, ती वेगळीच. माझ्या डोक्यात एकच विचार, त्या अकरा दिवसांचा पगार कापला असेल का. शेवटी १९ फेब्रुवारी आणि १७ मार्च दोन्ही छापायचं ठरलं, १ मार्च नानांच्या मनात राहिला.

मग कमिटीला सुचलं की ज्येष्ठ नागरिकांचे वाढदिवसही टाकू, तेवढाच आपलेपणा. यादी मागवली तर अकरा जणांची जन्मतारीख १ जून! पूर्वी शाळेत नाव घालायला पोराला नेलं की गुरुजी उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख ठोकून द्यायचे १ जून, त्यातले हे सगळे. पहिल्या मजल्यावरचे आप्पा म्हणाले, "माझं खरं म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशीचं आहे, पण पेन्शन १ जूनवर मिळते, तेव्हा राहू दे." तिथी की तारीख या वादाचा इतका व्यवहारी निकाल मी दुसरीकडे कुठेही ऐकलेला नाही.

खरी परीक्षा २ ऑक्टोबरला. गांधी जयंती आहेच, शास्त्रीजींचीही आहे (त्यांना दरवर्षी कुणीतरी विसरतं, मी विसरणार नव्हतो), त्यात २०२५ ला दसराही त्याच दिवशी, आणि दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. यावर आमच्या खालचे काका, दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारे, म्हणाले तारखेने १४ ऑक्टोबरलाही टाका, १९५६ साली दसरा १४ला होता. बरोबरच आहे, टाकलं. पण २ ऑक्टोबरच्या चौकोनात चार गोष्टी आणि ओळी दोन. प्रिंटरला फोन केला तर तो म्हणाला फॉन्ट बारीक करतो. म्हटलं किती बारीक, तर म्हणे औषधाच्या बाटलीवर असतो ना, तेवढा. त्यात नोकरदार मंडळींचं वेगळंच दुःख, "दोन सुट्ट्या एकाच दिवशी गेल्या हो!" जणू काही मीच नेल्या. २६ जानेवारी रविवारी येतोय हेही मलाच ऐकवलं.

लक्ष्मीपूजनाचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे २१ ऑक्टोबर, उत्तरेत बहुतेक ठिकाणी २०, आणि आमच्या सी विंगमध्ये दोन्हीकडची माणसं. दोन्ही दिवशी पणती छापली.

डिसेंबरअखेर कॅलेंडर घरोघरी गेलं. आठवडाभर मी लिफ्टमध्ये कुणाच्या नजरेला नजर दिली नाही, जिन्याने गेलो. शेवटी एकच तक्रार आली, डी विंगच्या ताईंची, "अहो, चौकोनात एवढं कोंबलंय, दुधाचा हिशोब लिहायचा कुठे?"

घरी येऊन बघितलं. हिने १४ जानेवारीला संक्रांतीच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिलं होतं, 'गॅस लावला', आणि १२ला, जिजाऊ-विवेकानंदांच्या मधोमध, 'बाई आली नाही'.