हत्तीपायाची गोळी आणि आमचं दोन मिनिटांचं भाषण

परवा आशाताई आल्या हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आणि माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "ठेवून द्या ना ताई, जेवलो की घेतो." आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच हे म्हणतात. मग त्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात जातात, तिथे मागच्या वर्षीच्याही असतात, आणि दिवाळीची सफाई निघाली की सगळ्या सोबतच कचऱ्यात. ताई म्हणाल्या, "मॅडम, समोर खाऊ घालायच्या आहेत", मी हो हो केलं. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत आमचा पोट्टा आरशासमोर उभा राहून पाठ करून राहिला होता, "आदरणीय गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला एका थोर भारतीय शास्त्रज्ञाविषयी दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत..."

शास्त्रज्ञ कोण, तर डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. शाळेत चिठ्ठ्या काढल्या होत्या, त्यात हे नाव निघालं. भाषण मीच लिहून दिलेलं, म्हणजे काय नेटवरूनच उचललं होतं, खोटं कशाला बोलू. त्यात पाचव्या ओळीत होतं की त्यांनी हत्तीरोगावरील डायइथाइलकार्बामाझिन या औषधाचा शोध लावला. या शब्दावर तो तीनदा अडखळला म्हणून आदल्या दिवशी मीच सांगितलं, खोडून टाक बावा ते, "अनेक औषधे" म्हण. आता दारात ताईंच्या हातातल्या पाकिटावर लिहिलं होतं डीईसी. डी, ई, सी, म्हणजे तेच खोडलेलं डायइथाइलकार्बामाझिन. माझी ट्यूब पेटायला तरी दोन मिनिटं लागली.

मग मी ताईंना आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि पोट्ट्याला म्हटलं ये इकडे, तुझे सुब्बाराव आलेत घरी.

त्या दिवसापासून हे डोक्यात घुमतंय म्हणून लिहून राहिले. आपण पोरांना शास्त्रज्ञ शिकवतो म्हणजे नेमकं काय शिकवतो? जन्मतारीख, जन्मगाव, शोधांची यादी, "अशा या थोर विभूतीस माझे कोटी कोटी प्रणाम", टाळ्या, सर्टिफिकेट, फोटो स्टेटसला. फॅन्सी ड्रेस असेल तर पांढरा कोट आणि गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप. पोराच्या डोक्यात काय उरतं तर हे कोणीतरी फार हुशार लोक होते, फोटोत राहतात आणि आपल्याला त्यांच्यावर मार्क मिळतात.

त्या रात्री भाषणाचा कागद बाजूला ठेवला आणि जेवताना नुसती गोष्ट सांगायला बसले. 1895 सालचा जन्म, आंध्रातलं भीमावरम. नाव नीट कसं म्हणायचं ते वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकूंनी शिकवलं, आपण तोंडात सुपारी ठेवल्यासारखं म्हणतो ते. हा पोरगा लहानपणी घरून पळाला, काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसा कमवायचा असा प्लॅन होता, आईने धरून परत आणलं. मॅट्रिक तिसऱ्यांदा पास झाला. तिसऱ्यांदा! इथे आमच्या चिरंजीवांनी पहिल्यांदा मान वर केली. गणितात कमी मार्क पडले की आमच्या घरात सुतक असतं त्यामुळे हे त्याला फारच आवडलं, "म्हणजे दोनदा फेल?" हो, दोनदा फेल. नेटवरच्या भाषणात यातलं एक अक्षर नव्हतं.

मग दोन भाऊ स्प्रू नावाच्या आजाराने गेले, थोड्याच दिवसांच्या अंतराने. स्प्रू म्हणजे आतड्यांचा आजार, खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब, रक्त कमी होत जातं, माणूस वाळत जातो. पुढे मद्रासला मेडिकल केलं. तिथे गांधींचं ऐकून खादीचा सर्जिकल गाऊन घातला म्हणून इंग्रज प्रोफेसर नाराज झाले आणि एमबीबीएसऐवजी खालची एलएमएस हाती पडली असं त्यांच्या चरित्रात सांगतात. मग अमेरिका, बोस्टन, हार्वर्ड. तिथे खर्च भागवायला हॉस्पिटलात रात्रपाळीला पेशंटचे बेडपॅन साफ करायचे. पोट्ट्याचा घास हातातच. "शी! डॉक्टर असून?" हो, डॉक्टर असून.

आणि मग तो धागा जो मला स्वतःलाच माहीत नव्हता. 1945 च्या सुमारास लेडर्ले कंपनीत सुब्बारावांच्या टीमने फॉलिक अॅसिड हे जीवनसत्त्व लॅबमध्ये बनवलं. तेच फॉलिक अॅसिड स्प्रूच्या पेशंटना लागू पडलं. भाऊ गेले त्याच आजाराला. त्याच्या आधी 1930 च्या आसपास लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण आपल्या मुंबईत येऊन गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त तपासत होती, एवढा अॅनिमिया का म्हणून, आणि तिला दिसलं की यीस्टचा अर्क दिला की बायका सुधारतात. त्या अर्कात जे होतं तेच हे फॉलिक अॅसिड. पोट्टा पोटात असताना मेडिकलमधून मिळालेली लाल गोळी मी नाक मुरडून घ्यायची, त्यात लोहाबरोबर हेच. त्याच्या शाळेत जी गुलाबी गोळी देतात त्यातही हेच. त्याने विचारलं, "मग हे का नाही सांगत गोळी देताना?" काय सांगू आता.

हत्तीरोगाचं मात्र जास्त वेळ चाललं कारण त्यात आमची भंडाऱ्याची आजी आली. माझ्या आईची आई. तिचा डावा पाय हत्तीपाय होता. नऊवारीचा काष्टा त्या पायावर बसायचा नाही म्हणून ती लुगडं पार घोट्याच्या खाली सोडायची. चप्पल चांभाराकडून वेगळी करून घ्यायची, डाव्या पायाची दुप्पट रुंद. वर्षातून तीन-चारदा थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल व्हायचा, आणि मग चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यातली खाट. लग्नकार्यात कधी पुढे बसली नाही. आम्ही पोट्ट्या तिला लाडाने पाय दाबून देऊ का म्हणायचो तर पाय ओढून घ्यायची. हे सगळं मी माझ्या मुलाला कधी सांगितलंच नव्हतं, फोटोतही तिचा पाय नाही, सगळे फोटो कंबरेच्या वरचे.

त्याला सांगितलं की हा रोग क्युलेक्स डासाने होतो, घाण पाण्यात वाढतो तो, आपली नागपूरची नाग नदी आहे, गटारं आहेत, संडासच्या टाकीच्या पाईपला जाळी नसली तर तिथेही. सुताएवढी अळी लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, वर्षानुवर्षं बसते आणि तिची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, दिवसा फुफ्फुसात लपतात. म्हणून तर हत्तीरोगवाले रात्री साडेआठनंतर रक्ताचा थेंब घ्यायला येतात आणि आपण दार उघडत नाही, चोर समजून. "पिल्लांना घड्याळ कळतं?" हा त्याचा प्रश्न. मला उत्तर येत नव्हतं, दोघं मिळून शोधलं, डास रात्री चावतो म्हणून पिल्लंही रात्री बाहेर निघतात एवढं सापडलं. या पिल्लांना मारणारं औषध म्हणजे डीईसी, 1947 साली सुब्बारावांच्या टीमकडून आलं. सहा ते चौदा वर्षांला दोन गोळ्या, मोठ्यांना तीन, जेवून घ्यायच्या. दोन वर्षांखालच्या लेकरांना आणि गरोदर बाईला नाही. घेतल्यावर एखाद्याला ताप-चक्कर आली तर बहुतेक वेळा अंगात पिल्लं होती आणि ती मरून राहिली म्हणून, हे ताईंनीच समजावलं, कोणत्याही भाषणापेक्षा चांगलं.

आपल्या नागपूर जिल्ह्यात 2019 मध्ये तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. यातल्या आयव्हरमेक्टिनवाल्यांना 2015 चं नोबेल मिळालं. सुब्बारावांना नाही. यावर व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ना, "एका भारतीयाने सगळे शोध लावले आणि गोऱ्यांनी नोबेल चोरलं", ते मी पोराला मुद्दाम नाही सांगितलं. पेशींची बॅटरी, म्हणजे एटीपी, त्यांनी फिस्के नावाच्या सहकाऱ्यासोबत 1929 मध्ये दाखवली, त्याच वर्षी जर्मनीत लोहमन नावाच्या शास्त्रज्ञानेही. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक 1948 मध्ये आलं तेव्हा ते ज्या जिवाणूपासून मिळालं तो शोधणारा डग्गर नावाचा शास्त्रज्ञ होता, सुब्बाराव त्या रिसर्चचे प्रमुख होते. आपल्या माणसावर अन्याय झाला नाही असं मी म्हणत नाही, हार्वर्डने कायमची नोकरी दिली नाही हे खरंच आहे. पण खरं जेवढं आहे तेवढं पुरेसं मोठं आहे, त्याला फोडणी कशाला?

एका गोष्टीवर मात्र घरात वाद झाला. सुब्बाराव अमेरिकेला गेले ते लग्नाच्या बायकोला इथे सोडून, आणि परत कधीच आले नाहीत, 1948 मध्ये 53व्या वर्षी तिकडेच गेले. आमचे हे म्हणाले, "हे पोराला कशाला सांगतेस, भाषणात थोडीच बोलणार आहे." मी सांगितलं. थोर माणूस म्हटला की त्याच्या घरातली बाई खोडून टाकायची ही सवय मला आवडतच नाही. पोट्टा गप्प बसला, मग म्हणाला, "मग ती काय करायची तेवढी वर्षं?" वाट बघायची, म्हटलं.

भाषणाचं म्हणाल तर नंबर आला नाही. वेळ संपली, अजून हत्तीपायावरच होता, दोन मिनिटांची घंटी वाजली आणि "कोटी कोटी प्रणाम" राहूनच गेलं. परीक्षकांनी शेरा लिहिला, विषयांतर झाले. मला वाईट वाटलं, त्याला नाही वाटलं.

आणि ताई आल्या होत्या त्या रात्री जेवण झाल्यावर तीन, तीन आणि दोन अशा गोळ्या काढल्या, ताई समोरच्या फ्लॅटमधून परत येऊन बघून गेल्या. पाण्याचा ग्लास हातात घेऊन त्याने विचारलं, "पणजीने ही गोळी खाल्ली असती तर पाय बारीक झाला असता?" नाही रे, एकदा पाय तेवढा सुजला की या गोळीने परत येत नाही, लहानपणी मिळाली असती तर कदाचित सुजलाच नसता. "पण तेव्हा तर गोळी निघाली होती ना, 47 ला?"

निघाली होती. आजीच्या गावात कोणी घेऊन आलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि तीही म्हणाली असेल, ठेवून द्या, जेवलो की घेतो.